लॅपटॉपचं तापमान कसं तपासावं आणि काळजी नेमकी कधी करावी

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे भर दुपारी खोलीतलं तापमानच ३८-४० अंशांवर जातं. लॅपटॉपचा फॅन हीच हवा आत ओढतो. त्यामुळे जानेवारीत एखादं काम करताना ७५ अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात त्याच कामाला ९० दाखवतो, आणि मशीनमध्ये बिघाड काहीच नसतो. उलट थंडीच्या दिवसांत नुसता ब्राउझर उघडा असताना ८० अंश दिसत असतील, तर आत नक्की काहीतरी बिनसलेलं आहे. एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. काम किती चाललं होतं, खोली किती गरम होती आणि प्रोसेसर त्या वेळी किती वेगाने धावत होता, हे तिन्ही सोबत नोंदवलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

आकडे कुठे पाहायचे

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं मात्र दिसत नाही. त्यासाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, तेही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच. सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’वर टिक करा. मग एक लांबलचक यादी उघडते आणि प्रत्येक ओळीपुढे चार रकाने दिसतात: आत्ताचा आकडा, किमान, कमाल आणि सरासरी.

यादी पाहून गोंधळू नका, कामाच्या ओळी मोजक्याच आहेत. इंटेलच्या मशीनवर ‘सीपीयू पॅकेज’ आणि एएमडीच्या मशीनवर ‘टीसीटीएल/टीडाय’ हे प्रोसेसरचं मुख्य तापमान. ‘कोअर क्लॉक’ म्हणजे प्रोसेसरच्या कोअरचा, म्हणजे आत एकाच वेळी काम करणाऱ्या भागांचा, वेग. ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या ओळीत ‘यस’ दिसलं, तर उष्णतेमुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी केलेला आहे. खाली एसएसडीचं (फायली साठवणाऱ्या, न फिरणाऱ्या डिस्कचं) आणि काही मशीनवर फॅनच्या फेऱ्यांचं वाचन मिळतं. यादीत कधीकधी २७.८ अंशांवर कायम थांबलेली ‘एसीपीआय थर्मल झोन’ नावाची ओळ असते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. काम कितीही वाढलं तरी जो आकडा जराही हलत नाही, तो खऱ्या सेन्सरचा नसतो. ० किंवा २५५ असे विचित्र आकडेही याच जातीचे.

लिनक्सवर ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज टाकून टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ ही कमांड दिली की काम होतं. मॅकच्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये तापमान नसतं. तिथे ‘स्टॅट्स’ हे मोफत ॲप वरच्या पट्टीत आकडा दाखवतं.

मोजायचं कसं

पहिल्यांदा खोलीचं तापमान लिहून घ्या. साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. फक्त तो लॅपटॉपपासून हातभर दूर ठेवा, नाहीतर मशीनमधून बाहेर पडणारी गरम हवाच मोजली जाईल.

लॅपटॉप कडक, सपाट टेबलावर ठेवा आणि चार्जर लावा. बॅटरीवर असताना बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरला कमी वीज देतात, त्यामुळे तेव्हाचे आकडे फसवे असतात. मशीन सुरू केल्यावर १५ मिनिटं थांबा. अपडेट, अँटीव्हायरसचं स्कॅन, क्लाउडवर फायली चढवणं ही सगळी कामं याच वेळात उरकतात. मग सगळे प्रोग्रॅम बंद करून पाच मिनिटांची सरासरी नोंदवा. हा झाला रिकाम्या मशीनचा आकडा.

दुसरी नोंद रोजच्या कामाची. एचडब्ल्यूइन्फोच्या खिडकीत खाली घड्याळाचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की कमाल आणि सरासरीचे जुने आकडे पुसले जातात. ते करून अर्धा तास नेहमीचं काम करा, मग ते एक्सेल असो, ऑनलाइन मीटिंग असो किंवा कोडिंग. त्यानंतर सरासरी आणि कमाल दोन्ही लिहून ठेवा.

तिसरी नोंद पूर्ण भाराची. ‘सिनेबेंच’ हे मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या सगळ्या कोअर दहा मिनिटं सलग राबवतं. यात पहिल्या मिनिटाचे आकडे सोडून द्या. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, तापायला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणून शेवटच्या तीन मिनिटांचं तापमान आणि वेग हेच खरं वाचन.

आता प्रत्येक आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा. खोली २८ आणि प्रोसेसर ८८ असेल, तर फरक ६०. हाच आकडा जपून ठेवायचा, कारण ऋतू बदलला तरी तो फारसा बदलत नाही. चार-सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करा. वेग तेवढाच असताना फरक १० अंशांनी वाढला असेल, तर धूळ साचली आहे किंवा चिप आणि हीटसिंक यांच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळली आहे. दुसऱ्याच्या लॅपटॉपशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच मशीनच्या जुन्या नोंदीशी केलेली तुलना कितीतरी खात्रीची.

किती अंश म्हणजे जास्त

प्रत्येक प्रोसेसरला कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा असते. लॅपटॉपमधल्या बहुतेक इंटेल प्रोसेसरसाठी ती १०० अंश आहे, तर एएमडीच्या रायझनसाठी मॉडेलनुसार ९५ ते १०५. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर ती दिलेली असते. मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी वेग उतरवतो आणि तरीही भागलं नाही, तर मशीन बंद करतो. त्यामुळे ९५ अंश दिसले म्हणून चिप जळेल ही भीती अनाठायी आहे. खरा त्रास होतो तो वेग घटण्याचा, आणि वर्षानुवर्षं त्या उष्णतेत राहणाऱ्या बॅटरीचा आणि फॅनचा.

ढोबळ अंदाज असा. खोली २५-३० अंशांवर असताना रिकामं मशीन ४० ते ५५, ब्राउझर आणि ऑफिसचं काम ५० ते ७०, व्हिडिओ मीटिंग ६० ते ८०. व्हिडिओ एडिटिंगचं रेंडरिंग किंवा गेम चालू असताना ८० ते ९५. गेमिंग लॅपटॉप तर ९० च्या आसपास चालतील अशा हिशेबानेच बनवलेले असतात. एखादा प्रोग्रॅम उघडताना आकडा क्षणभर ९० वर उसळून दोन सेकंदांत ६० वर येतो, तेही नेहमीचंच. टर्बोमध्ये, म्हणजे मूळ वेगाच्या वर धावताना, एखादी कोअर थोडा वेळ जास्त वीज ओढते, एवढंच त्यामागचं कारण.

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. सिनेबेंच सुरू झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटात वेग एकदम उतरतो आणि लोक म्हणतात, मशीन तापून मंद झालं. तसं असेलच असं नाही. इंटेलच्या प्रोसेसरला जास्त वीज घेण्याची मुभा थोडाच वेळ असते. ती संपली की ठरलेल्या वॅटच्या मर्यादेत यावं लागतं. उदाहरणार्थ, कोअर आय५-११३५जी७ टर्बोमध्ये ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण २८ वॅटला त्याचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झच आहे. वेग उतरला आणि तापमानही ७०-७५ वर आलं, तर ती विजेची मर्यादा आहे, बिघाड नाही. तापमान ९५-१०० ला चिकटून बसलंय, थ्रॉटलिंगच्या ओळीत ‘यस’ आहे आणि वेग मूळ वेगाच्याही खाली घसरलाय, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर मात्र कूलिंग कमी पडतंय हे पक्कं समजा.

बाकीच्या भागांचं थोडक्यात. एनव्हिडियाचं लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड साधारण ८७ अंशांना स्वतःला आवरतं, त्यामुळे गेममध्ये ७५ ते ८५ ठीक. एनव्हीएमई एसएसडी ७० च्या आत बरी, मोठी फाइल कॉपी करताना थोडी वर गेली तर चालतं. जुनी फिरती हार्ड डिस्क सतत ५० च्या वर राहत असेल, तर आधी बॅकअप घ्या.

बॅटरी या सगळ्यांत नाजूक. ४५ अंशांच्या वर चार्ज होत राहिली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी. ही सोय आता बहुतेक कंपन्या देतात.

लगेच थांबायचं केव्हा

टचपॅड वर आलेला दिसला, क्लिक होईनासा झाला, खालचं झाकण फुगलं किंवा टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तापमानाचा आकडा काहीही असो, चार्जर काढा, मशीन बंद करा आणि ते सर्व्हिस सेंटरला न्या. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि केराच्या डब्यातही टाकू नका.

तापमान ९० च्या वर आहे आणि फॅनचा आवाज येत नाही, झडपेतून हवाही येत नाही, असं असेल तर फॅन बंद पडलाय. खरखर किंवा घासल्यासारखा आवाज असेल तर तो बंद पडायच्या वाटेवर आहे. मॅकबुक एअरचे एम१ आणि त्यानंतरचे मॉडेल याला अपवाद, त्यांच्यात फॅनच नसतो.

लॅपटॉप काम करताना धाडकन बंद पडला असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘सिस्टिम’ नोंदी पाहा. ‘कर्नल-पॉवर ८६’ ही नोंद म्हणजे उष्णतेमुळे मशीन बंद झालं. नुसती ‘कर्नल-पॉवर ४१’ असेल तर मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच कळतं. कारण वीज, बॅटरी, रॅम काहीही असू शकतं.

आणखी एक गोष्ट. आजचे अनेक लॅपटॉप झाकण मिटलं तरी पूर्ण झोपत नाहीत, नेटला जोडलेले राहून अपडेट उतरवत बसतात. तसाच बॅगेत टाकला तर तासाभराने तो भाजून निघालेला सापडतो आणि बॅटरीही उतरलेली असते. बॅगेत ठेवण्याआधी ‘शटडाउन’ किंवा ‘हायबरनेट’ करा. उघड्या मांडीवरही तासन्‌तास ठेवू नका. रोजच्या अशा ऊबेने कातडीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग पडतात, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे.

उतारा काय

आधी बिनखर्चाचं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा आणि सगळ्यात वर कोण आहे ते बघा. ब्राउझरचा एखादा अडकलेला टॅब किंवा स्कॅन करत बसलेला अँटीव्हायरस निघाला, तर निम्मं काम तिथेच झालं. गादीवर, उशीवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवणं बंद करा. हवा आत ओढणारी भोकं बहुतेकदा तळाला असतात, ती कापडाने बंद होतात. मागची बाजू दोन सेंटिमीटर उचलली तरी काही अंश उतरतात. कूलिंग पॅडचा फायदाही साधारण तेवढाच, म्हणून तो घ्यायची घाई नको.

घाईच्या वेळी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो आणि जड कामात बऱ्याच मशीनवर दहा-पंधरा अंश सहज उतरतात. वेग घटतो, पण ऑफिसच्या कामात तो फारसा जाणवत नाही. हा पर्याय दिसत नसेल, तर कंपनीच्या ॲपमधला ‘क्वाएट’ मोड वापरा.

मग साफसफाई. वॉरंटी चालू असेल तर ही सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या. स्वतः करायची असेल तर मशीन बंद करून खालचं झाकण उघडा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ज्या जागेचे त्या क्रमाने कागदावर चिकटवून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात घुसला तर तो वरच्या भागात आरपार जातो. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. धूळ साचते ती फॅन आणि तांब्याच्या पाकळ्या यांच्या मधल्या फटीत. तिथे जुन्या गादीतल्या कापसासारखा राखाडी थर घट्ट बसलेला असतो आणि बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट आत सरकतो. फॅनचं पातं लाकडी काडीने अडवा आणि मगच हवा मारा. ब्लोअरने फॅन मोकाट फिरू दिला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीशी स्थिर वीज तयार होते.

धूळ काढूनही फरक जुन्या नोंदीवर आला नाही, तर पेस्ट बदलायची. हीटसिंकच्या स्क्रूजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, लावताना सुलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवत. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पेस्ट आणि अल्कोहोल दोन्ही मिळतं. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, म्हणून पेस्टचा पातळ थर चिपच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोचायला हवा. एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथली कोअर इतरांपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापलेली दिसते. शेजारच्या मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड फाटू देऊ नका. त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही, कारण तिथली फट मोठी असते. आत चांदीसारखा चकचकीत द्रव दिसला तर तो लिक्विड मेटल, त्यातून वीज वाहते. तिथे हात न लावता झाकण परत बसवा आणि जाणकाराकडे न्या.

दुकानात काम देणार असाल तर आधी सिनेबेंचच्या शेवटच्या तीन मिनिटांचा एचडब्ल्यूइन्फोचा स्क्रीनशॉट आणि त्या वेळचं खोलीचं तापमान जवळ ठेवा. काम झाल्यावर तिथेच, चार्जर लावून, तीच दहा मिनिटांची चाचणी चालवायला सांगा आणि मगच पैसे द्या. फरक जराही कमी झाला नसेल, तर हीटसिंक नीट बसलेला नाही किंवा त्याची हीटपाइप (उष्णता वाहून नेणारी नळी) निकामी झाली आहे. नीट बसलेला नसेल तर तो पुन्हा बसवून घ्या. हीटपाइप निकामी असेल तर मात्र पुन्हा पेस्ट भरून उपयोग होत नाही, हीटसिंक आणि फॅनचा पूर्ण संचच बदलावा लागतो.