आजोबांची ट्रेनिंग कंपनी

आमच्या घरात दसऱ्याला शस्त्रपूजेच्या पाटावर विळा-कोयत्याशेजारी आजोबांची दोन पदकं ठेवली जात, आणि चुलते दरवर्षी तेच सांगत: आजोबा केरनच्या डोंगरावर लढले. मीही ते शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या बैठकीत सांगत आलो. पस्तिशीत पहिल्यांदा ती पदकं हातात घेऊन नीट पाहिली. एक वॉर मेडल, दुसरं इंडिया सर्व्हिस मेडल. केरन पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात आहे. १९४१ साली ३/५ मराठा ही पलटण तिथे लढली होती. तिथे लढलेल्या माणसाकडे आफ्रिका स्टार असायला हवा, तो नव्हता.

तेव्हापासून नऊ वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या सैनिकांच्या कंपन्यांचा, म्हणजे पलटणीतल्या त्यांच्या विभागांचा, माग काढतोय. माझ्याकडे आता नवी मुलं येतात. पणजोबा मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होते, आजोबा बर्मात होते, कुठून सुरुवात करू, असं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, जुनी मनिऑर्डरची पावती, फोटोमागचा शिक्का, काहीही टाकू नका. मग पदकाची कड पाहा. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांच्या कडेवर बहुतेक वेळा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक ठोकलेली असते. उन्हात पदक तिरकं धरून भिंगाने वाचा. पदक घासू मात्र नका. आमच्याकडे दर दसऱ्याला चिंच लावून घासत, त्यात कडेवरचे शेवटचे तीन आकडे जवळजवळ गेले. ते वाचायला मला पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवावी लागली. तो नंबर म्हणजे तुमच्या सगळ्या शोधाची किल्ली. एकाच नावाचे पाच शिंदे सापडतात, नंबर एकाचाच असतो.

आता नव्या माणसाची पहिली चूक. कागदावर ‘२/५’ लिहिलेलं असतं आणि आपण ‘पाचवी बटालियन’ वाचतो. तो आकडा पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन असा आहे. १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ क्रमांकाच्या जुन्या पलटणी ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे १ ते ५ बटालियन झाल्या. म्हणजे १९१६ च्या कागदावरची ११७ आणि १९३० च्या कागदावरची ५/५ ही एकच पलटण. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर एकाच घराण्याच्या दोन पिढ्या दोन वेगळ्या पलटणींत असल्यासारखं वाटत राहील.

या तक्त्यात एक पलटण राहिली: ११४. ती मेसोपोटेमियात लढली, ऑक्टोबर १९१८ मध्ये शर्कातच्या लढाईत होती. १९२२ ला तिला १०/५ हा क्रमांक मिळाला आणि ती रेजिमेंटची ट्रेनिंग बटालियन झाली, ठिकाण बेळगाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचंच रेजिमेंटल सेंटर, म्हणजे रेजिमेंटचं शिक्षणकेंद्र, झालं. आजोबांच्या डिस्चार्ज बुकात मला अखेर हेच सापडलं. सगळी नोकरी १०/५ मध्ये, हुद्दा नाईक, काम शिकवण्याचं. ते उस्ताद होते.

मला त्या दिवशी वाईट वाटलं, हे खरं. चुलत्यांना सांगायला महिना लावला. पण पुढे जसजसं वाचत गेलो तसतसं कळलं की या कामात सगळ्यात दुर्लक्षित राहिलेला भाग हाच आहे. लढणाऱ्या बटालियनची वॉर डायरी असते. रोजची तारीख, जागा, काय घडलं, ‘बी कंपनी’ कुठे होती, सोबत हुकुमांच्या नकला. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या ठेवल्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९५ या मालिकेत, दुसऱ्या महायुद्धातल्या मध्यपूर्वेच्या १६९, इटलीच्या १७०, बर्माच्या १७२ मध्ये. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्याची कंपनी येते, म्हणून कंपनी माहीत असणं महत्त्वाचं. बेळगावच्या मैदानावर सकाळी सहाला कवायत घेणाऱ्या उस्तादाची अशी डायरी कोणी ठेवत नव्हतं. ट्रेनिंग कंपनीचा इतिहास तुकड्या जोडून काढावा लागतो, आणि तो काढणारा बहुतेक वेळा नातूच असतो.

तुकड्या कुठून येतात ते सांगतो. पहिली, भरतीची तारीख. आमच्या भागातला पोरगा कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसायचा, पंढरपूरवरून मिरजेला उतरायचा, तिथून बेळगाव. भरतीच्या तारखेपासून बटालियनमध्ये पोचल्याच्या तारखेपर्यंत जो काळ जातो, तो ट्रेनिंग कंपनीचा. १९४३ नंतर हा काळ एकदम लांबलेला दिसतो आणि लोक गोंधळतात. कारण असं की बर्मातल्या अराकानमधल्या पराभवानंतर रंगरूटांना जंगलयुद्ध वेगळं शिकवायचं ठरलं. १४ व्या आणि ३९ व्या डिव्हिजन ट्रेनिंग डिव्हिजन झाल्या, पहिली छिंदवाड्याला, दुसरी सहारनपूरला. सेंटरमधलं शिक्षण झालं की रंगरूट दोन महिने तिकडे जायचा. एका बाईंनी मला आजोबांचं छिंदवाड्याहून आलेलं पत्र दाखवलं आणि विचारलं, ‘तिथं कुठली लढाई झाली?’ लढाई नव्हती, जंगलातली शाळा होती.

दुसरी तुकडी म्हणजे भाषा. फौजेत शिकवणी रोमन उर्दूत चाले. वहीत इंग्रजी अक्षरं दिसतात पण शब्द ‘दाहिने’, ‘निशाना’, ‘चांदमारी’ असे असतात. ती इंग्रजी समजून बाजूला टाकू नका, मोठ्याने वाचा, लगेच लागतं. घरची पत्रं बऱ्याचदा मोडीत असतात, त्यासाठी मोडी वाचणारा शोधा. सोलापुरात अजून काही जुनी माणसं आहेत, त्यांच्याकडे लवकर जा.

तिसरी, सरकारी कागद. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, भरतीचं वर्ष देऊन टपालाने अर्ज करा. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, पण लाँग रोलमध्ये, म्हणजे कायम जपलेल्या नावांच्या यादीत, एक ओळ राहते. ती एक ओळही मागून घ्या. अर्जात ‘सोलापूर’बरोबर ‘शोलापूर’ हे जुनं हिज्जेही लिहा. एकदा माझ्या अर्जाला एका कार्यालयाकडून सात महिने उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा जुन्या हिज्ज्यांसह पाठवला, तीन आठवड्यांत आलं.

घरच्या म्हाताऱ्यांशी बोलताना एक जपा. सोलापूर शहराने मे १९३० चा मार्शल लॉ पाहिला आहे. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्या सोलापुरात ‘आमचे वडील इंग्रजांच्या पलटणीत होते’ हे सांगताना अजून काही घरांत आवाज खाली येतो. काही जण म्हणून गोष्ट बदलून सांगतात, काही गप्प राहतात. वाद घालू नका. चहा घ्या, पुन्हा जा. माझ्या चुलत्यांनी केरनची गोष्ट का धरून ठेवली होती, ते मला तिसऱ्या भेटीत उमगलं. गावातल्या दुसऱ्या घरचा माणूस तिथून परत आला नव्हता, आणि त्याला बेळगावला शिकवलं होतं आजोबांनी.

पदकं नसली म्हणून माणूस लढला नाही असं मात्र लगेच ठरवू नका. कित्येकांनी पदकं मागितलीच नाहीत, काहींची दुष्काळात विकली गेली. आणि उलटंही खरं आहे. बटालियन लिबियातल्या टोब्रुकला होती म्हणजे आपला माणूस तिथे होता असं नाही. २/५ मराठा जून १९४२ मध्ये तिथे युद्धकैदी झाली. तुमचा माणूस त्या महिन्यात रजेवर, इस्पितळात, सेंटरवर, कुठेही असू शकतो. महिना आणि कंपनी हातात आल्याशिवाय लढाईचं नाव लिहू नका. एवढ्या एका गोष्टीवर मी अडून बसतो.

आजोबांच्या ट्रंकेच्या तळाला एक खाकी पुठ्ठ्याची वही होती. त्यात १९४२ च्या एका स्क्वॉडची यादी आहे: एकतीस रंगरूट, प्रत्येकाचा नंबर, गाव, आणि पुढे बारीक अक्षरात शेरा. ‘निशाना अच्छा’, ‘पाँव कच्चा’, एकापुढे नुसतं ‘घर की याद’. युद्धात मेलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं, दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतची. नंबर घालून शोधता येतं. मी एकतीस नंबर एकेक करून घातले. सहा सापडले. चार इटलीत गेले, त्यातले दोन सँग्रो नदीकाठच्या दहनस्मारकावर. दोघांची नावं रंगूनच्या स्मारकावर आहेत. काही नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं आहे, उरलेल्यांचं गाव वहीतूनच घ्यावं लागतं. सहांपैकी तीन गावं आपल्या जिल्ह्यातली. दोन घरांपर्यंत मी पोचलो. एका घरी मुलाचा फोटोसुद्धा नव्हता. वहीतली ती ओळ मी त्यांना मोठी करून छापून दिली.

तिसरं गाव सांगोल्याच्या बाजूचं असावं. आजोबांनी नाव घाईत लिहिलंय, पहिलं अक्षर ‘के’ की ‘एच’ ते लागत नाही. पुढच्या रविवारी त्या बाजूची दोन गावं पाहून येणार आहे.