किनाऱ्यावरच्या जुन्या एमटीबीचा (माउंटन बाइकचा) मागचा डिरेलर बदलताना

गिअर उड्या मारतो म्हणून लगेच नवा डिरेलर, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांवर चेन सरकवणारा भाग, आणू नका. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या सायकलींत दोष बऱ्याचदा केबलच्या आउटरमध्ये (बाहेरच्या आवरणात) धरलेल्या गंजाचा नाहीतर वाकलेल्या हँगरचा (फ्रेमच्या ज्या कानाला डिरेलर लागतो त्याचा) असतो. तो तसाच ठेवून नवा डिरेलर चढवला, तर तोही पहिल्या घाटीलाच अडखळतो.

आधी केबलचा बोल्ट सैल करून केबल मोकळी करा. डिरेलर हाताने स्पोक्सच्या बाजूला ढकला आणि सोडून द्या. खटकन जागेवर आला तर स्प्रिंग आणि पिना ठीक आहेत, अडचण केबलची आहे. आळसत परत आला तर पिनांत गंज किंवा सड्यावरची तांबडी धूळ बसली आहे. जुना दातांचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पिना घासा, तेलाचे थेंब सोडा, वीस-पंचवीस वेळा पुढेमागे हलवा. एवढ्यावर तो सुधारला तर खर्च वाचला.

मग पिंजऱ्याचं (डिरेलरच्या दोन छोट्या दातेरी पुल्या धरणाऱ्या भागाचं) खालचं टोक चिमटीत धरून आडवं हलवा. अगदी किंचित हालचाल चालते. टोक सरळ काही मिलिमीटर इकडे-तिकडे डुलत असेल, तर पिनांची भोकं झिजली आहेत आणि त्याला इलाज नाही. फक्त वरच्या पुलीच्या आडव्या ढिलाईवरून निकाल देऊ नका. शिमानो कंपनी या पुलीत थोडी आडवी मोकळीक मुद्दाम ठेवते, म्हणजे ती स्वतःच चकतीच्या रेषेत येते. ही मोकळीक पाहून लोक चांगले डिरेलर फेकतात. पुलीचे दात टोकदार झाले असतील आणि बाकी सगळं घट्ट असेल, तर नुसत्या पुल्या बदला. जुन्या एमटीबीवर त्या बहुधा ११ दातांच्या असतात.

कोणता घ्यायचा

मागच्या चकत्या मोजा आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा भाग) कोणत्या कंपनीचा आहे ते पाहा. शिमानोचे ६, ७, ८ आणि ९ स्पीडचे मागचे डिरेलर केबल सारख्याच प्रमाणात ओढतात, म्हणून ७ स्पीडच्या शिफ्टरवर ८ किंवा ९ स्पीडचा डिरेलर बिनदिक्कत चालतो. किती टप्पे घ्यायचे ते शिफ्टर ठरवतो, डिरेलर नाही. शिमानोचा १० स्पीडचा एमटीबी डिरेलर मात्र इथे चालत नाही, त्याचं प्रमाण वेगळं आहे. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या एक्स मालिकेचंही तसंच. याला अपवाद स्रॅमचा एमआरएक्स हा मुठीने फिरवायचा शिफ्टर. तो शिमानोच्या डिरेलरसाठीच बनवलेला आहे, त्यामुळे नुसतं नाव पाहून घाबरू नका.

दुसरा हिशेब क्षमतेचा, म्हणजे डिरेलर चेनची किती ढिलाई सावरू शकतो त्याचा. पुढच्या मोठ्या आणि लहान चेनरिंगच्या (पेडलजवळच्या चकत्यांच्या) दातांमधला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीच्या दातांमधला फरक. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-२८ असेल तर १८ आणि १४ मिळून ३२. मागे ११-३२ असेल तर १८ आणि २१ मिळून ३९. डिरेलरच्या माहितीत दिलेला आकडा यापेक्षा कमी नको. पुढे तीन चेनरिंग असतील तर सरळ लांब पिंजऱ्याचाच घ्या.

तिसरी गोष्ट बसवण्याची पद्धत. काही स्वस्त सायकलींच्या फ्रेमला हँगरच नसतो. डिरेलर आपली पत्र्याची पट्टी घेऊन येतो आणि ती ॲक्सलच्या नटखाली बसते. फ्रेमला आटे असलेला हँगर असेल तर पट्टीविनाचा घ्यायचा. ऑनलाइन मागवताना हीच चूक जास्त होते, फोटोत पट्टी दिसते का ते पाहा. कामचलाऊ सायकलीला शिमानोचा टूर्नी पुरतो. पण घाटी-उतारावर रोज चालणाऱ्या सायकलीला शिमानोचाच अल्टस किंवा असेरा घेतलेला बरा, पिना जास्त काळ घट्ट राहतात.

डिरेलरसोबत १.२ मिमीची नवी गिअर केबल, ४ मिमीचा गिअर आउटर आणि त्याच्या टोप्या घ्याच. ब्रेकचा आउटर वापरू नका. त्याच्या आत वेटोळी तार असते, ती दाबली जाते आणि टप्पे चुकतात.

जुना काढताना

चेन मागे सर्वांत लहान चकतीवर आणि पुढे सर्वांत लहान चेनरिंगवर आणा. केबल कापून काढा. चेन चांगली असेल तर ती तोडायची गरज नाही: खालच्या पुलीचा बोल्ट काढा, वरचा सैल करा, पिंजऱ्याची आतली पट्टी फिरवा आणि चेन मोकळी करा. पण चेन आधी मोजा. १२ पूर्ण लिंकची लांबी, पिनेपासून पिनेपर्यंत, नवी असताना ३०४.८ मिमी असते. ती ३०७ च्या आसपास गेली असेल तर चेनही बदला. त्याहून बरीच पुढे गेली असेल तर नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर (मागच्या चकत्यांच्या संचावर) जोर दिला की घसरते, मग फ्रीव्हीलही बदलणं आलं.

मुख्य बोल्टला ५ मिमीची ॲलन की लागते, काही टूर्नीला ६. आटे सरळ आहेत, घड्याळाच्या उलट फिरवून सुटतात. किनाऱ्यावर खरी झटापट इथेच होते. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचा हँगर आणि मध्ये खारं पाणी, की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. की घालण्याआधी बोल्टच्या खाचेतली माती टाचणीने पूर्ण काढा, नाहीतर की अर्धीच बसते आणि खाच गोल होते. गंज सोडवणारं तेल हँगरच्या मागच्या बाजूने, जिथे बोल्टचं टोक दिसतं तिथून सोडा आणि रात्रभर राहू द्या. खोबरेल इथे कामाचं नाही, ते आत शिरत नाही आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. सकाळी की पूर्ण आत बसवून तिच्यावर हलके दोन-तीन ठोके मारा आणि मग फिरवा. तरीही हलला नाही तर आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने. झटका नको, आटे निघाले तर हँगर गेला.

हँगर सरळ आहे का

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं ट्यूनिंग व्यर्थ. नीट तपासणी हँगर गेजने होते: त्याची दांडी हँगरमध्ये बसवून रिमभोवती फिरवतात आणि रिमपासूनचं अंतर सगळीकडे ४ मिमीच्या फरकात आहे का ते पाहतात. गेज नसेल तर एक युक्ती आहे. क्विक रिलीज असलेल्या मागच्या चाकाचं पोकळ ॲक्सल बहुतेक १० मिमीचं, १ मिमी पिचच्या आट्यांचं असतं आणि हँगरचे आटेही तेच. दुसऱ्या सायकलचं असं चाक हँगरमध्ये हाताने फिरवून बसवलं की दोन्ही चाकं समांतर आहेत की नाहीत ते लगेच कळतं. पोलादी फ्रेमचा हँगर वाकवून सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा एखाद-दुसऱ्या वेळेपुरता, त्यानंतर तडकतो. सुटा हँगर असेल तर नवा घ्या, पण त्याचे असंख्य आकार आहेत, म्हणून जुना काढून शेजारी ठेवून जुळवा.

बसवणं

आटे पुसून त्यांना ग्रीस लावा. पाण्यात न धुतलं जाणारं, बोटीच्या इंजिनाला वापरतात ते ग्रीस मिळालं तर उत्तम. बोल्ट आधी हाताने दोन-तीन फेरे फिरवा, तिरका जात नाही ना ते पाहा. आवळताना डिरेलर थोडा मागे वळवून धरा, म्हणजे बी-स्क्रूचं (वरची पुली चकतीपासून किती दूर राहील ते ठरवणाऱ्या स्क्रूचं) टोक हँगरच्या खाचेच्या मागे बसतं. ते हँगरवर चढून चेपलं तर डिरेलर पुढे लोंबकळतो. जोर ८ ते १० न्यूटन मीटर.

केबल लावण्याआधी डिरेलरवरचा 'एच' लिहिलेला, बाहेरची हद्द ठरवणारा स्क्रू जुळवून घ्या. मागून पाहताना वरची पुली लहान चकतीच्या बाहेरच्या कडेखाली यायला हवी. मग पेडल फिरवत डिरेलर हाताने आत ढकला आणि 'एल' स्क्रू असा ठेवा, की पुली मोठ्या चकतीच्या बरोबर खाली थांबेल. हा सैल राहिला तर चढावर चेन स्पोक्समध्ये जाते, आणि चाक, डिरेलर, हँगर तिन्ही एकदम जातात. 'एल' घड्याळाच्या दिशेने आवळला की डिरेलर स्पोक्सपासून दूर थांबतो.

नवी चेन असेल तर डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या चेनरिंगवर आणि मागच्या मोठ्या चकतीवरून ओढा. टोकं भिडतात तिथून एक पूर्ण लिंक, म्हणजे एक इंच, जास्त ठेवून तोडा. ओवताना पिंजऱ्यातल्या छोट्या पत्र्याच्या दातरीकडे लक्ष द्या. चेन तिच्या चुकीच्या बाजूने गेली तर सायकल चालते, पण सतत खरखरते.

शेवटचा आउटर वळण घेत डिरेलरमध्ये शिरतो. तो कापल्यावर आतली नळी टाचणीने उघडा आणि दोन्ही टोकांना टोप्या घाला. फार आखूड झाला तर मुरडतो, फार लांब झाला तर घासतो. जुना नीट असेल तर त्याच मापाचा. शिफ्टर सर्वांत सैल टप्प्यावर ठेवा, बॅरल (केबलचा ताण जुळवायची फिरती नळी) पूर्ण आत फिरवून एक-दोन फेरे बाहेर काढा, केबल हाताने ताणून खाचेतच बसवा आणि ५ ते ७ न्यूटन मीटरने आवळा. केबल बोल्टच्या चुकीच्या बाजूला गेली तर ओढण्याचं प्रमाणच बदलतं आणि ट्यूनिंग कधीच जमत नाही.

आता एक क्लिक. चेन दुसऱ्या चकतीवर गेली नाही तर बॅरल घड्याळाच्या उलट अर्धा फेरा, पुढे उडी मारली तर घड्याळाच्या दिशेने. दुसऱ्या चकतीवर असताना तिसरीला घासायचा आवाज येईपर्यंत ताण वाढवा आणि मग आवाज थांबेपर्यंत कमी करा. शेवटी पुढे लहान, मागे मोठी अशी चेन ठेवून बी-स्क्रूने पुली आणि चकतीमध्ये ५ ते ६ मिमी अंतर ठेवा.

नंतर

पहिल्या काही फेऱ्यांत आउटर टोप्यांत बसतो आणि केबल सैल वाटते, बॅरल थोडा फिरवावा लागतो. पुळणीवरून किंवा फेरीबोटीच्या डेकवर शिंतोडे खाऊन सायकल आली, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवा. प्रेशरचा पाइप नको, तो पाणी पुलीच्या बुशमध्ये ढकलतो. कोरडी करून प्रत्येक पिनेवर एकेक थेंब तेल सोडा आणि उरलेलं पुसा. सगळं जमूनही फक्त चढावर जोर दिल्यावर गिअर सरकत असेल, तर डिरेलरला हात लावू नका. हँगर पुन्हा मोजा, मग मागच्या चाकाचे नट घट्ट आहेत का ते पाहा.