गॉगल घेण्यापूर्वी काच कशी पारखावी

गॉगल घेताना काच किती गडद आहे यापेक्षा ती ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवते का, म्हणजेच तिच्यावर ‘यूव्ही ४००’ असा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे. अतिनील किरण न अडवणारी काळी काच गॉगल न घालण्यापेक्षाही अपायकारक ठरू शकते, कारण तिच्याआड डोळ्याची बाहुली विस्फारते आणि ते किरण अधिक प्रमाणात आत शिरतात. रस्त्याकडेच्या गॉगलवरचे स्टिकर पुरावा मानू नये; चष्म्याच्या दुकानात यंत्र असल्यास काच त्यावर तपासून घ्यावी.

बिननंबरी गॉगल हातभर अंतरावर धरून त्यातून दाराची चौकट पाहावी आणि तो सावकाश हलवावा. चौकटीची रेघ लहरत असेल, तर तो परत ठेवावा.

दुचाकीस्वारांना ओल्या डांबरावरची चकाकी कमी करणारी पोलराइज्ड काच सोयीची पडते. मोबाइलच्या उजळलेल्या पडद्यासमोर ती फिरवल्यास एका कोनात पडदा बहुधा काळवंडतो, हीच तिची खूण. जेमतेम ३ ते ८ टक्के प्रकाश आत सोडणारी चौथ्या श्रेणीची काच मात्र वाहन चालवताना वापरू नये. फ्रेमबद्दल एवढेच, की हसताना ती गालांवर टेकू नये आणि काड्या हेल्मेटखाली रुतू नयेत.