सोनं सापडलं त्याच क्रमाने फिरा

दक्षिण आफ्रिकेतले आपण जोहान्सबर्गकर क्रुगर अभयारण्याला जाता-जाता पिलग्रिम्स रेस्ट हे सोन्याच्या खाणीचं जुनं गाव तासाभरात उरकतो, तसं कृपा करून करू नका. सोनं ज्या क्रमाने सापडलं, त्याच क्रमाने फिरा: १८७३ पिलग्रिम्स रेस्ट, १८८४ बार्बर्टन, १८८६ जोहान्सबर्ग. तीन दिवस, दोन मुक्काम पुरतात. आम्ही तीन गाड्या, अकरा माणसं होतो.

भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच स्टेपनी दाबून बघा. आमच्या एका गाडीची बसलेली निघाली, तीही साबी गावाच्या पुढे खड्ड्यात टायर फुटल्यावर! अंधारात गाडी चालवायची नाही, हे सगळ्यांनी निघण्याआधीच कबूल करावं.

पहाटे निघा. एन-४ महामार्गाने बेलफास्ट, मग डलस्ट्रूममार्गे लायडेनबर्ग. तिथे टाक्या फुल करा. पुढचा लाँग टॉम घाट २,१०० मीटरच्या वर चढतो. धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतात. सगळ्यांत सावकाश चालवणाऱ्याला पुढे ठेवा.

पिलग्रिम्स रेस्टच्या ओढ्यात ‘व्हीलबॅरो’ पॅटरसन या सोनं शोधणाऱ्याला सोनं सापडलं. खाण बंद पडल्यावर १९७४मध्ये सरकारने गावच विकत घेतलं, म्हणून ती पत्र्याची घरं आज उभी आहेत. डिगिंग्ज म्युझियममध्ये वाळू धुऊन दाखवतात, तिथे घाई करू नका. परात पाण्यात तिरकी धरून गोल हलवायची, हलकी वाळू काठावरून वाहू द्यायची. शेवटी तळाशी काळ्या रेतीची कोर उरते आणि नशिबात असेल तर तिच्यात मोहरीहून बारीक पिवळा कण. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, “अगं, हे तर आपले झारेकरी!” कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांच्या दारची माती धुणारे त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यानंतर परात त्यांनी कुणाला दिली नाही.

संध्याकाळी टेकडीवरच्या दफनभूमीत जा. सगळ्या कबरी एका दिशेला, एकच आडवी. ती तंबूत चोरी करणाऱ्याची, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी व्हाइट रिव्हर, एम्बोम्बेला करत बार्बर्टन. इथल्या शेबा खाणीतून अजून सोनं निघतं. पण बंद पडलेल्या खाणींच्या तोंडाशी मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. बार्बर्टनजवळच्या माखोंज्वाच्या डोंगरातले खडक ३ अब्ज वर्षांहून जुने आहेत. त्या डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावर जागोजागी माहितीफलक आहेत, अर्धा दिवस राखून ठेवा.

तिसऱ्या दिवशी उजेडातच जोहान्सबर्गला पोचा आणि एम-२ रस्त्याने, शहराच्या दक्षिणेकडून घरी जा. रोज दिसणारे ते फिकट पिवळे मातीचे डोंगर खाणीतूनच वर आलेत, हे मुलांनी तेव्हा आपणहून ओळखलं.