एआय कोडिंग टूल बदलायच्या आधीची तयारी

नवं व्हर्जन आलंय किंवा एका टूलवरून दुसऱ्यावर जायचंय, तर बाकी कशालाही हात लावायच्या आधी नियमांची फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या टूलमध्ये, कमिट करा, म्हणजे नोंदवून ठेवा. नियमांची फाइल म्हणजे आपल्या प्रोजेक्टबद्दल आपण टूलला जे जे सांगून ठेवलेलं असतं ती. क्लॉड कोडमध्ये ती क्लॉड डॉट एमडी, कोडेक्स आणि इतर बऱ्याच टूल्समध्ये एजंट्स डॉट एमडी, कर्सरमध्ये आधी एकच कर्सररूल्स फाइल असायची, नंतर रूल्सचं फोल्डर आलं. गेल्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत होती, कारण ती आपली खाजगी टिपणं, प्रोजेक्टच्या रेपोत कशाला, असं तेव्हा वाटलेलं. नव्या टूलमध्ये इनिट, म्हणजे सुरुवातीची मांडणी करणारी कमांड मारली, त्याने प्रोजेक्ट चाळून स्वतःच्या अंदाजाने नवी फाइल लिहिली, जुनीच्या जागी, आणि मीही न वाचता हो म्हटलं.

त्यात गेलं काय ते सांगतो. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचं पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर आम्ही बघतो. त्या फाइलमध्ये नियम होता की रक्कम कायम पैशांत, पूर्ण आकड्यात साठवायची, रुपये फक्त छापताना करायचे, आणि राउंडिंग सगळ्या वजावटी झाल्यावर शेवटी एकदाच. दोन ओळी. त्या गेल्यावर एजंटने, म्हणजे स्वतःहून कोड लिहिणाऱ्या त्या टूलने, पुढच्या कामात सरळ फ्लोट (दशांशातला, थोडा चुकू शकणारा आकडा) वापरला आणि प्रत्येक वजावटीला वेगळं राउंडिंग केलं. कोड वाचायला एकदम स्वच्छ, टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण टेस्टही त्यानेच लिहिलेल्या. पट्टीवर मात्र रुपया इकडेतिकडे व्हायला लागला. पहाटेपासून ट्रॅक्टर लावून लाइनीत थांबलेल्या माणसाला पट्टीवर रुपया कमी दिसला तर तो सॉफ्टवेअरला नाही विचारत, व्यापाऱ्याला विचारतो, चारचौघांत. म्हणून कमिट करा. गिटइग्नोरमध्ये फाइल नाही ना हे उघडून बघा, आणि पुश पण करा, म्हणजे सर्व्हरवर चढवा, लॅपटॉपवरच्या कमिटला अर्थ नाही.

त्याच कमिटमध्ये टूलचा व्हर्जन नंबर आणि मॉडेलचं पूर्ण नाव लिहा. पूर्ण म्हणजे तारखेसकट, जिथे तारीख असते तिथे. नुसतं 'लेटेस्ट' लिहून ठेवलं की कंपनी मागे मॉडेल बदलते आणि आपण दोन दिवस स्वतःच्या प्रॉम्प्टमध्ये चूक शोधत बसतो. पण असं पूर्ण नावाने पिन केलेलं मॉडेलही कायमचं नसतं. ओपनएआयने २०२३ च्या मार्चमध्ये जुनी कोडेक्स मॉडेल्स काही दिवसांच्याच नोटिशीवर बंद केली होती आणि मग २०२५ मध्ये त्याच नावाने वेगळंच टूल आणलं, त्यामुळे कोडेक्सबद्दल काही वाचताना आधी तारीख बघा, नाहीतर मेलेल्या एपीआयची सेटिंग करत बसाल.

बॅकअप, वेगळी ब्रँच, हे सांगायची गरज नाही.

आता पारखायचं कसं. व्हिडिओतला डेमो बघून टूल बदलू नका, तो नेहमी कोऱ्या प्रोजेक्टवर असतो आणि आपलं काम कधीच कोरं नसतं. आपल्याच जुन्या कामांतली पाच-सहा निवडून ठेवा, ज्यांचं बरोबर उत्तर आपल्याला माहीत आहे. एक चिवट बग, एक रिपोर्ट, एक मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलायचं काम) आणि एक असं काम जिथे एजंटने 'हे करू नका' म्हणायला हवं होतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवं मॉडेल हुशार असेलही पण जास्त आज्ञाधारक झालं की चुकीचं कामही झपाट्याने करून देतं. दर वेळी हीच कामं नव्या टूलला द्या आणि घड्याळ लावा. घड्याळ खरंच लावा, अंदाज नको. मेटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये अभ्यास छापला, १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीच्या रेपोंवरची कामं. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं. टूल्स तेव्हाची होती, आताचे आकडे वेगळे येतील, पण आपल्याला काय वाटतं यावर भरवसा ठेवायचा नाही हे त्यातून पक्कं घ्या. आणि ही कामं चालवताना नियमांची फाइल जुनीच वापरा, तीच, कमिट केलेली, नाहीतर फरक टूलमुळे पडला की फाइलमुळे ते कळणारच नाही.

परवानग्या. अपडेटनंतर परत तपासा, सेटिंग जशी ठेवली तशीच राहिली असेल असं धरून चालू नका. विचारल्याशिवाय कमांड चालवायचा मोड क्लायंटच्या मशीनवर कधीच नको, आपल्यावरही फक्त कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या कप्प्यात. प्रॉडक्शन डेटाबेसचा पासवर्ड त्या फोल्डरमध्ये असूच नये, पासवर्ड-सेटिंग ठेवायच्या एन्व्ह फाइलमध्येसुद्धा नाही, कारण एजंट फोल्डर वाचतो म्हणजे सगळं वाचतो. एमसीपी सर्व्हर, म्हणजे एजंटला डेटाबेस किंवा इतर सेवांशी जोडणारे जोड, २०२४ च्या नोव्हेंबरनंतर धडाधड आले, मोफत आहेत म्हणून दहा जोडायचे नाहीत. प्रत्येकाचं वर्णन कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढं वाचू शकतं त्यात, जागा खातं, आणि बाहेरून आलेल्या मजकुरात कुणी सूचना लपवली असेल तर एजंट ती आपली समजून पाळू शकतो. मी फक्त डेटाबेस वाचणारा एक ठेवलाय, लिहायचा अधिकार नाही. पॅकेजचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड जोडायचं, पण तसंच, मॉडेल कधी कधी नसलेल्या पॅकेजचं नाव ठोकून देतं आणि लबाड लोक त्याच नावाने पॅकेज टाकून ठेवतात. एनपीएम इन्स्टॉल (पॅकेज उतरवायची कमांड) मारायच्या आधी नाव एकदा शोधून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

नेट गेलं तर काय हे पण ठरवून ठेवा. सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिकभर खोदकाम चाललंय, आमच्या इंदिरानगरला फायबर तुटली की संध्याकाळपर्यंत बोंब. ओलामावर, म्हणजे आपल्याच मशीनवर नेटशिवाय मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, एक छोटं मॉडेल उतरवून ठेवलं तर १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सात-आठ अब्ज पॅरामीटरचं चालतं, कामापुरतं, मोठ्या रिफॅक्टरिंगची, म्हणजे कोडच्या फेरमांडणीची, अपेक्षा ठेवू नका. ते आधीच उतरवून ठेवायचं, चार-पाच जीबीचं डाउनलोड मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऐन वेळी होत नाही.

कधी बदलायचं? डिलिव्हरीच्या आठवड्यात अजिबात नाही. मी महिन्यातला एक शनिवार धरलाय, त्या दिवशीच अपडेट, मधल्या काळात कितीही गाजावाजा झाला तरी नाही, ऑटो-अपडेटसुद्धा बंद. फक्त सिक्युरिटीचं असेल तर लगेच. बदलल्यावर निदान आठवडाभर जुनं टूल काढू नका.

नियमांची फाइल नव्या टूलच्या पद्धतीत आणायची वेळ आली तर एजंटकडून करून घ्या हवं तर, पण डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, स्वतः वाचा, ओळ न् ओळ. ज्या ओळी त्याने 'संक्षिप्त' केल्या त्या परत घाला. आमची पैशांची ओळ आता सगळ्यात वर आहे आणि तिच्यासाठी हाताने लिहिलेली टेस्टही आहे, जिला एजंटने हात लावायचा नाही असं त्याच फाइलमध्ये लिहिलंय. कमिट झालं का बघा परत.

टीममधल्यांना सांगा. सगळ्यांचं व्हर्जन एक हवं. क्लायंटचा कोड ट्रेनिंगला जाऊ नये ती सेटिंग अकाउंटमध्ये तपासा, नव्या टूलची वेगळी असते. सोडलेल्या टूलचं सबस्क्रिप्शन रद्द करा, कार्डावरून डॉलर कटत राहतात, आणि त्याच्या जुन्या एपीआय की पण डॅशबोर्डवरून रद्द करा.