हरणाच्या शिंगाच्या पेनला फिनिश कोणतं द्यायचं?

पेन लेथवर (तुकडा गरगर फिरवत कोरायच्या यंत्रावर) आकारात आला की लगेच सुपरग्लूची बाटली उचलू नका, आधी ब्लँक, म्हणजे पेनसाठी कोरलेला शिंगाचा तुकडा, उजेडात धरून हळूहळू फिरवून बघा. हरणाचं शिंग म्हणजे हाडच, वरचा थर घट्ट आणि आतला गाभा बारीक भोकाभोकांचा. त्यामुळे फिनिश कुठलं हे आपल्या आवडीपेक्षा त्या भोकांवर जास्त ठरतं. (शिंग आपोआप गळून पडलेलं असलं तरी ते जवळ ठेवायला किंवा विकायला काही देशांत बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी बघून घ्या.)

सगळीकडे घट्ट, पांढरट हाडच दिसतंय? मग काम सोपं. गाभा कुठेतरी उघडा पडलाय, करड्या-तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसतेय? तर ती आधी भरायलाच लागते, नाहीतर हाताचा घाम, तेल, शाई सगळं आत जिरतं आणि थोड्या दिवसांत तिथे मळकट डाग बसतो जो काही केल्या निघत नाही. भरायला पातळ सुपरग्लू घ्या, लेथ बंद ठेवून थेंब थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो, वाळला की परत सोडा, असं भोकं बुजेपर्यंत. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. आणि हाताशी सुती कापड घेऊ नका, पेपर टॉवेल घ्या, कारण सुपरग्लू कापसाला लागला की एकदम तापतो, चटका बसू शकतो.

मग घासायचं. शिंगाची धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क लावाच. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, टोकाला लोखंडी बुशिंग (ब्लँकच्या टोकाला बसणारी, पेनच्या मापाची कडी) असेल तर सँडपेपर त्यालाही घासतो आणि ती काळी भुकटी पांढऱ्या शिंगाच्या भोकांत जाऊन बसते, दोन्ही टोकांना करडी रिंग दिसायला लागते. म्हणून घासताना बुशिंग काढून प्लास्टिकचे कोन लावलेले बरे. पाणी लावून घासणं भोकं बुजल्यावरच, आणि लेथचा स्पीड कमी, कारण जास्त तापलं की शिंगाला बारीक चिरा जातात.

आता फिनिश. घट्ट शिंगाला माझं मत विचाराल तर काहीच चढवू नका, मायक्रोमेशने (अतिबारीक घासपट्ट्या, आकडा मोठा तितकी पट्टी बारीक) 1500 पासून 12000 पर्यंत क्रमाने जा, एकही पायरी गाळू नका, शेवटी प्लास्टिक पॉलिश. हाडाला स्वतःचीच मंद चकाकी येते आणि हातात घेतल्यावर शिंग शिंगासारखंच लागतं, तो स्पर्श कुठल्याही थराखाली मिळत नाही.

शिंगाची वरची खडबडीत तपकिरी साल ठेवली असेल तर मेण. सुपरग्लू खाचांमध्ये साचतो आणि पेन प्लास्टिकचा वाटायला लागतो. मायक्रोक्रिस्टलाईन मेण बोटाने थंडच चोळता येतं, वाळलं की ब्रशने चमकवा. मात्र ते वापरता वापरता झिजतं, अधूनमधून परत लावावं लागतं, गिफ्ट देताना हे समोरच्याला सांगा.

गाभा बराच उघडा असेल किंवा पेन रोज तासन्‌तास हातात राहणार असेल तर सुपरग्लूचंच फिनिश. पातळ 6 ते 10 थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा, अॅक्सिलरेटर (सुपरग्लू झटपट वाळवणारा फवारा) अगदी जपून कारण जास्त मारला की थर पांढुरका पडतो. निदान एक रात्र थांबा आणि मगच मायक्रोमेश. फ्रेंच पॉलिशसारखं लाखेचं फिनिश पहिल्या दिवशी सुंदर दिसतं पण घामाच्या हातात टिकत नाही, आणि तेल तर नकोच, घट्ट हाडात ते नीट जिरतच नाही.

तरीही मन ठरत नसेल तर कापून उरलेला तुकडा फेकू नका, त्याच्या एका बाजूला मेण आणि दुसऱ्या बाजूला सुपरग्लू लावा, रोज हाताळत राहा, आठवडाभरात तुम्हालाच कळेल बोटांना काय बरं वाटतंय.

जोडणीआधी टोकाला सुपरग्लूची कड उरली असेल तर ब्लँक सपाट सँडपेपरवर उभा धरून हलकेच घासा, नाहीतर पेनचे धातूचे पार्ट दाबून बसवताना तिथूनच फिनिशचा टवका उडतो.