मोरचुदातून निळे स्फटिक, आणि त्यांचा खरा उतारा

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांच्या घरी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, काही नवा नाही. पावसाळ्याआधी झाडांच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लागते. बोर्डो मिश्रण जमलं की नाही हे बघायला त्यात लोखंडी विळा बुडवतात आणि पात्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना टाकतात. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला याच मोरचुदापासून टेट्राअमाइन कॉपर सल्फेट करायचं असतं. हा एक कॉम्प्लेक्स आहे, म्हणजे तांब्याच्या आयनाला अमोनियाचे चार रेणू चारही बाजूंनी धरून असतात. अशा संयुगांची रचना उलगडल्याबद्दल आल्फ्रेड वेर्नर यांना १९१३ साली नोबेल मिळालं.

मी शिकवतो त्या खेड्यातल्या कॉलेजात स्फटिक बहुतेकांना जमतात. अडतं ते उताऱ्याच्या हिशेबात, म्हणजे जेवढा माल मिळू शकला असता त्यातला किती टक्के हाती आला हे काढण्यात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

मोरचूद लॅबच्या शुद्ध प्रतीचा घ्या, ५.०० ग्रॅम. फवारणीसाठी आणलेला नको, त्याची शुद्धता नेमकी ठाऊक नसेल तर पुढचा सगळा हिशेब लटका पडतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जुन्या बरणीतल्या खड्यांवर पांढुरकी भुकटी धरते, म्हणजे त्यातलं पाणी उडालेलं असतं. असे खडे बाजूला काढा.

२५ टक्क्यांचं अमोनिया द्रावण १० मिलि लागेल. पारा ४५ च्या घरात असताना ही बाटली तशीच उघडू नका, आत वायूचा दाब साचलेला असतो. अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, झाकणावर ओलं फडकं धरा आणि तोंड लांब ठेवून हळूहळू फिरवा. चष्मा आणि हातमोजे हवेतच. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट) नसेल तर खिडकीपाशी, वारा पाठीशी घेऊन काम करा. डोळ्यात थेंब गेला तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हा प्रयोग घरी करायचा नाही.

मोरचूद १५ मिलि पाण्यात विरघळवा आणि अमोनिया थेंबथेंब टाकत ढवळत राहा. आधी फिकट निळा, लापशीसारखा गाळ बसतो. इथे मुलं हमखास घाबरतात, पण चुकलेलं काही नसतं. टाकत राहिलात की गाळ विरघळतो आणि द्रावण शाईहून गडद निळं होतं. आता बर्नर बंद आहेत ना ते बघा आणि २५ मिलि अल्कोहोल बीकरच्या कडेने सावकाश सोडा. स्फटिक पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये नाही. म्हणून दोन थर भेटतात तिथेच निळ्या सुया दिसू लागतात. घाईने ओतलंत तर बारीक भुकटी पडते आणि ती पाणी धरून ठेवते. नंतर हलक्या हाताने ढवळून अर्धा तास बर्फात ठेवा.

बुखनर फनेलवर (खालून हवा ओढून गाळायचं सच्छिद्र तळाचं नरसाळं) गाळून घ्या. धुवायला साधं पाणी वापरलंत तर माल नळीतून खाली जाईल. आधी अमोनिया आणि अल्कोहोल समभाग मिसळून ५ मिलि, मग नुसतं अल्कोहोल दोनदा. कापूसवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. याच तांबं-अमोनियाच्या जोडीचं, पण सल्फेटऐवजी हायड्रॉक्साइड असलेलं द्रावण कापूस चक्क विरघळवतं. सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून त्याच वाटेने क्युप्रो रेयॉनचा धागा काढतात.

आता वाळवणं. एका वर्षी एक मुलगी धावत आली, "सर, माह्यं एकशे आठ टक्के आलं!" तिच्या स्फटिकांचं वजन ५.३० ग्रॅम भरलं होतं. मी फिल्टर पेपरवर चिमूटभर दाबून दाखवलं, तर कागद ओला झाला. मग तिने ते गच्चीवर उन्हात ठेवलं. तासाभराने निळा रंग विटून हिरवट झाला होता. अमोनिया उडून गेला, पदार्थच बदलला. दोष माझा, उन्हात ठेवू नको हे मी आधी सांगायला हवं होतं. स्फटिक फिल्टर पेपरांत दाबा, सावलीत पंधरा-वीस मिनिटं पसरा आणि पंखा बंद करून वजन घ्या. दहा मिनिटांनी पुन्हा घ्या. फरक ०.०२ ग्रॅमच्या आत आला की थांबा आणि माल घट्ट बुचाच्या बाटलीत भरा.

हिशेबाकडे येऊ. जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करताना, रुईचा उतारा काढायला रुईला टाकलेल्या कपाशीने भागतात. इथे तसं करायचं नाही. इथे भागायचं ते जास्तीत जास्त जेवढं मिळू शकलं असतं त्याने. मोल हे रेणू मोजायचं माप, आणि एका मोलाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे मोलर वस्तुमान. पाच रेणू पाण्यासह मोरचुदाचं मोलर वस्तुमान २४९.६९, म्हणून ५.०० ग्रॅम म्हणजे ०.०२००२ मोल. त्याला चौपट, म्हणजे ०.०८०१ मोल अमोनिया लागतो. आपण टाकला सुमारे ०.१३ मोल. म्हणजे अमोनिया उरतो आणि आधी संपतो तो मोरचूद, म्हणून हिशेब त्याच्यावरून. तयार कॉम्प्लेक्सचं, त्यात उरलेल्या पाण्याच्या एका रेणूसह, मोलर वस्तुमान २४५.७५. ०.०२००२ ला २४५.७५ ने गुणलं की ४.९२ ग्रॅम. ही झाली कमाल मर्यादा. हाती ४.१० ग्रॅम आले असतील तर ४.१० भागिले ४.९२ गुणिले १०० = ८३.३ टक्के.

सरळ ५.०० ने भागलं तर ८२ येतात. आकडा जवळचा दिसतो, म्हणून चूक लपून राहते. तो जवळ येतो कारण पाण्याच्या चार रेणूंच्या जागी जवळपास तेवढ्याच वजनाचे अमोनियाचे चार रेणू बसले. दुसऱ्या प्रयोगात हा योगायोग नसेल आणि उत्तर साफ चुकेल. काही जण पाणी धरायचं विसरून मोरचुदाचं मोलर वस्तुमान १५९.६ घेतात. मग मर्यादा ७.७० ग्रॅम निघते आणि चांगलं काम ५३ टक्क्यांवर येऊन बसतं.

१०० च्या वर आकडा आला तर माल ओला आहे, पुन्हा वाळवा. जर्नलमध्ये खोडून ९५ लिहू नका. ७० आले तर ७० लिहा, आणि गाळलेलं द्रावण अजून गडद निळं होतं का तेही नोंदवा, कारण तुमचा राहिलेला माल तिथेच आहे.

ते द्रावण मोरीत किंवा नाल्यात ओतू नका. तांबं माशांना मारक आहे. ‘तांबं, अमोनिया, अल्कोहोल’ अशी चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या बाटलीत साठवा आणि आगीपासून दूर ठेवा.